सहा पॉइंट शून्य शून्य शून्य

२ फेब्रुवारी

आज झुरळाचा आणखी एक पाय मोडला. पहिला परवाच मोडला होता. सहा पायांचं यंत्र आता चार पायांवर लंगडतंय आणि नवरा सोफ्यावर पडल्यापडल्या विचारतोय, "ह्याला अपंगत्वाचा दाखला मिळेल का गं?"

झुरळ हे नाव त्यानेच ठेवलं. मुलगी शिकायला बाहेर गेली, तिच्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकलं की मला रडू यायचं, म्हणून तिथं टेबल टाकून मी हा उद्योग सुरू केला. एकोणपन्नासाव्या वर्षी रोबो करायला घेतलेली बाई आमच्या हॉस्पिटलच्या औषध विभागात तरी मी एकटीच. खऱ्या झुरळाला मी अजूनही घाबरते. कशाला घाबरत नाही ते विचारलं तर यादी लवकर संपेल.

सहा पाय, एकेका पायाला तीन सांधे, म्हणजे अठरा पिना. प्लॅस्टिकच्या पिना वजन पडलं की कट्कन तुटतात. स्टीलच्या हव्यात, आणि त्या मापाच्या बाजारात मिळत नाहीत. "लेथवाल्याकडून करून घे," नवरा म्हणाला. म्हणाला अशा थाटात, जशी मी रोज उठून लेथवाल्यांकडे चहाला जाते.

५ फेब्रुवारी

गेले एकदाची. कॉम्प्युटरवर पिनेचं चित्र काढलं, छापलं, आणि नमुन्याला एक मोडका पाय पिशवीत टाकला. नवरा बाहेर स्कूटरवरच बसला, कोणाशी तरी फोनवर बोलत. ऐन वेळी ह्याला नेहमी फोन येतो.

लांबट शेड, तेलाचा वास, पायाखाली लोखंडाचा कुरळा कीस. लेथ चालवणारे टर्नर साठीच्या पुढचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. शेजारचा वेल्डर आणि आणखी एक गिऱ्हाईक बाकावर चहा पीत होते. टर्नरना सगळे 'मायक्रॉन' म्हणतात, इतकं बारीक मोजतात म्हणून. "ह्यांच्याकडे काम दिलंत ना मॅडम," वेल्डर म्हणाला, "आता नातवंडांना पाठवा न्यायला." मायक्रॉनकाका हसले नाहीत. कागद उजेडात धरून त्यांनी मोठ्याने वाचलं, "सहा पॉइंट शून्य शून्य शून्य." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तिन्ही शून्यं पाहिजेत?"

मला प्रश्नच कळला नाही. मी नुसता सहा टाकला होता, शून्यं कॉम्प्युटरने आपली आपण लावली होती. 'म्हणजे काय हो काका' एवढं विचारता आलं असतं. पण बाकावरचे दोघं माझ्याकडे बघत होते आणि त्यातला एक गालातल्या गालात हसत होता. हॉस्पिटलात लोक मला विचारायला येतात. इथं मी अडाणी ठरायला तयार नव्हते.

"लिहिलंय तसंच पाहिजे," मी म्हणाले.

"बरं," काका म्हणाले, कागद चुंबकाने मशीनवर चिकटवला, आणि 'झुरळाचा पाय' म्हणून मी दिलेला नमुना ठेवून घेतला. परत येताना स्कूटरवर मी खूश होते. भ्यायले होते, पण दाखवलं नाही.

६ फेब्रुवारी

नव्या डॉक्टरने चिठ्ठीवर गोळी '२.०' अशी लिहिली. फोन करून चांगलं झापलं. पॉइंट पुसट उमटला तर दोनाचे वीस होतात आणि माणूस जातो, हे ह्यांना कॉलेजात कोणी सांगतच नाही. खिडकीवरचा बोर्ड मी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने रंगवलाय: 'दशांशचिन्हानंतर नुसतं शून्य लिहू नये.' डॉक्टर बिचारा सॉरी म्हणाला. संध्याकाळी बॅटऱ्या चार्ज केल्या.

१२ फेब्रुवारी

सहा पिना झाल्या. एवढ्याशा, चकचकीत, तेलकट कागदात एकेक वेगळी गुंडाळलेली. काकांनी माझ्यासमोर एक मोजून दाखवली. पॉइंटनंतर जितकी शून्यं तितकं माप काटेकोर, हे मला तेव्हा कळलं. मशीन जुनं आहे म्हणे, शेवटचा केसभर फरक त्याच्याने जात नाही. तो फरक काका हाताने काढतात. जॉब, म्हणजे मशीनवरची पिन, फिरत असतानाच तिच्याभोवती पॉलिश पेपर धरायचा, दोन बोटांत, थोडं घासायचं, थांबवायचं, मोजायचं, पुन्हा. एका पिनेला पाऊण तास. "वा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

घरी आणून पायात घातल्या तर पिना खुळखुळ वाजल्या. प्लॅस्टिकची भोकंच सैल आहेत, चांगली अर्धा मिलिमीटर. चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला तेव्हा बसल्या. म्हणजे तिन्ही शून्यं राहू देत, एकही नको होतं.

फोन उचलला होता. पण काय सांगणार, की तुमचा प्रश्न मला कळला नव्हता आणि मी नाक वर करून उत्तर दिलं? पुढच्या आठवड्यात उरलेल्या बारा आणायला जाईन तेव्हा हसत हसत सांगेन. समोरासमोर बरं पडतं.

१७ फेब्रुवारी

शटर अर्धं खाली होतं. वेल्डर आपलं काम थांबवून आला. "मायक्रॉन दवाखान्यात आहे. परवा बोटं गेली मशीनमध्ये." पॉलिश पेपर बोटांभोवती गुंडाळला गेला आणि जॉब फिरतच होता.

कुठला जॉब, मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं.

"तुमच्याच पिना की. सातवी होती. सकाळीच म्हणत होता, मॅडमना फोन करून विचारतो, जरा सैल चालेल का, डोळे दुखतायत. मग आपणच म्हणाला, नको, बाईंनी सांगितलंय लिहिलंय तसंच."

वेल्डर हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. शटरखालून मशीन दिसत होतं आणि माझा कागद अजून चुंबकाला लटकत होता. कुठल्या दवाखान्यात ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. स्कूटर सुरू केली आणि निघाले. चौकात हिरवा दिवा लागला तरी मी उभीच. मागचा माणूस हॉर्न वाजवून वाजवून दमला.

१८ फेब्रुवारी

आमच्याच हॉस्पिटलात आहेत.

अकराच्या सुमाराला खिडकीवर एक बाई आली, माझ्याहून थोडी मोठी, चिठ्ठी पुढे सरकवली. "ह्यांचा हात गेला लेथमध्ये," म्हणाली. मी विचारलं नव्हतं. चिठ्ठीवर वय त्रेसष्ट, उजवा हात, दोन बोटं. खाली शुगरची नोंद. औषधं काढली आणि तीनदा मोजली, कारण पहिल्या दोन वेळा आकडा वेगवेगळा आला. "किती नीट बघून देता हो तुम्ही," ती म्हणाली.

मी पिशवी पुढे सरकवली. ती गेल्यावर वर पाहिलं तर बोर्ड. माझंच अक्षर. बावीस वर्षं मी ह्या खिडकीत बसून लोकांना शून्यांवरून झोडपते आहे, आणि माझ्याच हाताने तीन शून्यं लिहिलेला कागद एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात देऊन आले. हे बाहेर कळलं तर? कोण कशाला सांगेल. पण कळलं तर?

२१ फेब्रुवारी

चिठ्ठी बदलली. अँटिबायोटिक मोठं दिलंय, शिरेतून, दिवसातून तीनदा. इन्सुलिन वाढवलंय. वॉर्डात डॉक्टर नातेवाइकांना 'काळजी करू नका' म्हणतात, आम्हाला मात्र चिठ्ठी सगळं सांगून टाकते. जखम चिघळली आहे.

"औषध बदललं म्हणजे चांगलंच ना?" काकूंनी विचारलं. आता मी मनात त्यांना काकू म्हणायला लागले आहे.

"हो, हे जास्त चांगलं आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं. पण मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्ताने आत गेले.

२२ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. म्हणजे, कॉम्प्युटर आपणहून शून्यं लावतो हे सांगितलं, आणि टर्नरना वाटलं तेवढी बारकाई हवी आहे, हेही. तो म्हणाला, "मग त्यात तुझा काय दोष? सॉफ्टवेअरचा दोष. आणि त्यांनी विचारायला हवं होतं." मी मान हलवली.

त्यांनी विचारलं होतं, हे मी सांगितलं नाही. नंतर भाजी चिरताना सांगावंसं वाटलं, पण तोवर तो बातम्या लावून बसला होता.

२५ फेब्रुवारी

अंगठ्याशेजारचं बोट काढलं. मुळापासून. मधलं वाचलंय पण वाकणार नाही. मला हे चिठ्ठीवरूनच कळलं, भूल दिल्याची औषधं आणि खाली चार शब्द.

टर्नरचं ते बोट. मोजताना काका त्याच बोटाने मायक्रोमीटर फिरवत होते. मी शौचालयात जाऊन दार लावून उभी राहिले. हाताखालच्या मुलीने दार वाजवून विचारलं, मॅडम बरं नाही का? म्हटलं, पित्त.

सगळ्यात वाईट हे की मला त्यांची काळजी वाटते, पण त्याहून जास्त भीती माझी वाटते. ते पोलिसांत गेले तर, हॉस्पिटलात कोणाला बोलले तर. हे लिहायलाही लाज वाटते. पण इथं नाही लिहिणार तर कुठं.

२८ फेब्रुवारी

वॉर्डात गेले. तीन दिवस जिन्यापर्यंत जाऊन परत येत होते. आज पांढरा कोट घातला, हातात उगाच एक फाईल घेतली, जशी कामानेच आले आहे.

काका उशीला टेकून बसले होते, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. काकू सफरचंद कापत होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि चेहरा उजळला. "अहो, ह्या खालच्या खिडकीवरच्या. फार जपून देतात औषधं." काकांनी मान वळवली. मी फाईल उघडून बघू लागले.

"ह्यांना मी ओळखतो," काका म्हणाले. "ह्याच त्या झुरळवाल्या मॅडम. पिनांच्या."

काकूंचा हात सफरचंदावर थांबला. उरलेलं सफरचंद कापून त्यांनी एक फोड मला दिली. मी ती घेतली आणि खाल्ली. कशी लागली सांगता येणार नाही. काकांनी विचारलं, आधीच्या सहा नीट बसल्या का? मी म्हटलं, हो, छान. मग म्हटलं, मला वॉर्डात अजून एक काम आहे. काही काम नव्हतं.

६ मार्च

काकांना घरी सोडलं. आता दर आठवड्याला ड्रेसिंग. काकू खिडकीवर येतात, चिठ्ठी देतात, औषध घेतात. पूर्वी दोन वाक्यं बोलायच्या. आता माझ्याकडे बघतात आणि जातात. आज हाताखालच्या मुलीला खिडकीवर बसवून मी आत गोळ्या मोजत बसले. मुलगी म्हणाली, त्या बाईंनी विचारलं, मॅडम आज नाहीत का?

कधीतरी त्या मला विचारणारच.

१५ मार्च

आज सांगितलं. सगळं.

शटर अर्धं वर होतं, काका बाकावर एकटेच बसले होते. मशीनवर फडकं टाकलेलं. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण बसले असते तर बोलले नसते. तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलंच नव्हतं. शून्यं मी लिहिलीच नव्हती. लाज वाटली म्हणून तसं उत्तर दिलं. नंतर पिना सैल बसल्या तेव्हा तुम्हाला फोन करायला हवा होता, फोन हातात होता, केला नाही. मध्येच रडले. इतके दिवस कुठं होतं हे रडू कोण जाणे.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा ताई." आजवर मॅडम म्हणायचे. "तुमच्या त्या पायाचं भोक मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. तिथं खिळा घातला असता तरी चाललं असतं."

"मग?"

"मग काय. बारीक काम आता सगळं कॉम्प्युटरच्या मशीनवर जातं. माझ्याकडे येतात ते फाटकाच्या बिजागऱ्या घेऊन. म्हटलं, बघू अजून हात चालतो का. सहा वेळा चालला. हौस केली मी. त्यात तुमचं काही नाही."

मला इतकं हायसं वाटलं की त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी राहिले होते. महिनाभर जीव टांगणीला लागला होता, आणि त्यांनी स्वतःच्या हौसेनेच केलं होतं. वेल्डरने फोनबिनचं जे सांगितलं ते त्याचं काहीतरी ऐकण्यात चुकलं असणार. तो दिवसभर त्या ठिणग्यांच्या आवाजात असतो.

निघताना काका म्हणाले, "एकच करा. आमच्या हिला सांगू नका, की एवढ्या बारीक मापाची गरज नव्हती. तिला मी सांगितलंय, काम तेवढं नाजूकच होतं. तिला कळलं ना, की मी उगाच खेळत बसलो होतो, तर ती ह्या शेडला कुलूप घालेल. आणि मग मी दिवसभर घरी बसून काय करू?"

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय जातं, मला तर तेव्हा काहीही देता आलं असतं.

१८ मार्च

आज त्या आल्या. मी आत पळाले नाही. मागे दहाबारा माणसांची रांग होती. ड्रेसिंगचं सामान पिशवीत भरत होते तेवढ्यात त्यांनी खिडकीच्या भोकाशी तोंड आणून हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच तेवढं बारीक लागत होतं का?"

महिनाभर ह्याच प्रश्नाला भीत होते. आणि खरं सांगते, भीती नुसती त्या रागावतील ह्याची होती. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. विनवणीचा होता.

"लागत होतं," मी म्हणाले. "तसूभर इकडेतिकडे झालं असतं तर यंत्र चाललंच नसतं."

त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या. मागचा माणूस खाकरला. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला आपलं सारखं वाटायचं, उगाच गेलं बोट." पिशवी उचलली, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "आता चालतं का ते?"

"चालतं."

"मग ह्यांना एकदा दाखवा. बोलत नाहीत, पण मनात असणार. रविवारी घेऊन येते."

मी पत्ता लिहून दिला. माझं अक्षर मलाच वाचता येईना.

२० मार्च

खोलीत गेले तर झुरळ महिन्यापूर्वी ठेवलं तसंच टेबलावर उताणं. पिना सहा, जागा अठरा. दुसऱ्या कोणाकडून बारा करून घ्यायला चार दिवस लागतील, आणि रविवार परवावर आला. नवऱ्याला म्हटलं, आता काय करू. तो हत्यारांच्या पेटीतून मूठभर खिळे घेऊन आला. टोकं कापली, चिकटपट्टी गुंडाळली, तासाभरात बारा खिळे बसवून दिले.

बटण दाबलं. झुरळ उठलं आणि खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलं, न लंगडता, न अडखळता. चार महिन्यांत असं कधी चाललं नव्हतं. पिनांचे पाय कुठले आणि खिळ्यांचे कुठले, काही फरक नाही. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. "अगं, आधीच खिळे घातले असते तर?" तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मी त्याला सांगितलं की काकांनी विचारलं होतं.

त्याने उरलेले खिळे पेटीत टाकले आणि विचारलं, "रविवारी त्या बाईंना हे दिसलं तर?"

खिळ्यांची डोकी गंजकी आणि रुंद आहेत, आंधळ्यालाही कळतील. मी काळी चिकटपट्टी घेऊन बसले आहे. सात झाकून झाली, पाच उरली आहेत.